अक्कानं घासलेला चषक

मिस्साच्या, म्हणजे वेदीवरच्या उपासनेच्या, भांड्यांना कोणी हात लावायचा आणि कोणी नाही, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. वसईला आमच्या गावच्या देवळात चषक कपाटातून काढायचा तो फादरांनीच. देखभाल करणारा म्हातारा फार तर हातावर स्वच्छ फडकं घेऊन तो इकडचा तिकडे ठेवी. चषक पुसायची कापडं धुवायला माझ्या आईकडे येत, पण त्यांचं पहिलं पाणी फादर स्वतःच काढत आणि झाडाच्या मुळाशी ओतत. त्यानंतरच ती आईच्या हातात पडत. आम्हांला यात काही वावगं वाटत नसे. बिशपांनी तेलाचा अभिषेक केलेलं भांडं, त्यात द्राक्षरसाचं प्रभूचं रक्त व्हायचं. त्याला आपली बोटं कशाला?

हे सांगायला हवं, कारण खानदेशात कुणाला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आणि मी ते सांगितलं नाही.

मी जळगावला आलो तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडली होती. दीक्षेचं तेल हातावर अजून ओलं होतं म्हणा ना. स्टेशनापलीकडे आमचं छोटं कौलारू देऊळ, मागं दोन खोल्या, एका बाजूला सिस्टरांचा दवाखाना आणि त्याच्या पलीकडे निंबाच्या झाडांखाली कबरस्तान. रेल्वेतली काही गोवेकर कुटुंबं, थोडे इतर, एवढीच आमची मंडळी. माझ्यावर एक युरोपियन फादर होते. लोक त्यांना मोठा बाबा म्हणत आणि मला धाकला बाबा. मोठे फादर उंच, वाकलेले, मराठी पुस्तकातल्यासारखं बोलत. भुसावळ, धुळे, अमळनेर अशी त्यांची फिरती सतत चालू असे. मी त्यांना भीत होतो. त्यांनी मला कधी रागानं शब्द बोलल्याचं आठवत नाही, तरी भीत होतो.

अक्का आमच्याकडे आली ती लेकीमागं.

एरंडोलच्या बाजूला, गिरणाकाठच्या एका खेड्यातली ती. नवरा लवकर गेला तशी भावाच्या घरी राही. लेक लग्न होऊन जळगावजवळ दिलेली. ती आजारी पडल्यावर सासरच्यांनी तिला सिस्टरांच्या दवाखान्यात आणून सोडलं आणि पुन्हा कोणी फिरकलं नाही. शेवटच्या घटकेला तिनं सिस्टरांकडे बाप्तिस्मा मागितला. सिस्टरनं तो दिला आणि आम्ही तिला निंबाखाली पुरलं. आईला कळून ती पोचली तेव्हा मातीवर गवतसुद्धा उगवून आलं होतं. ती त्या मातीपाशी बसली ती उठेना. भाऊ समजावून थकला.

"मनी पोर अठे एकली शे," ती म्हणाली. "मी बी अठेच राहसू."

तिच्या भावाला सगळे आबा म्हणत. मोठा रोखठोक माणूस. तो कबरस्तानाच्या भिंतीवर बसून तिला डिवचायचा, "आते तू बाटशी. मंग मना घरनं पानी चाली का तुले?"

"पानी कसाले नही चाली?" अक्का म्हणायची. "पानीमाच तं बाटनं शे मले."

आणि दोघंही हसायची. मला ते हसणं तेव्हा आवडलं नव्हतं. पवित्र गोष्टीची थट्टा वाटली होती. आता वाटतं, त्या दोघांइतकं सरळ त्या पाण्याकडे मीही कधी पाहिलं नसेल.

ती देऊळ झाडू लागली, दवाखान्याचं पाणी भरू लागली. मी तिला शिकवायचो. प्रार्थना तिच्या जिभेवर बसायच्या नाहीत, पण प्रश्न नेमका असे. "मी बाटनू का मनी पोरजवळ मले ठेवशात ना?" मी म्हणायचो, हो अक्का, तिच्या शेजारीच. आणि वरही? वरही. एवढं ऐकलं की ती पुढच्या प्रार्थनेला तयार व्हायची. तिच्या बाप्तिस्म्याचा दिवस ठरला होता, ईस्टरच्या आदल्या शनिवारचा. त्या वर्षी ती एकटीच होती बाप्तिस्मा घेणारी.

ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे आम्हां फादरांची धांदल. मोठे फादर भुसावळला गेलेले. मी वेदीमागच्या खोलीत दाराशी उभा राहून माझी प्रार्थना वाचत होतो, वाचता वाचता शनिवारच्या गाण्यांचा विचार करत होतो, आणि चषकाचं कपाट उघडंच राहिलं होतं. अक्का समया आणि मेणबत्त्यांची पितळी घरं घेऊन बाहेर निघाली होती. ती दारात थांबली.

"बाबा, बठ्ठी भांडी घासू का?"

"हो."

"कपाटमझारली बी?"

"हो हो, सगळी," मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो. वर तिचीच भाषा उचलून विनोद केला, "बठ्ठी! सणाला लख्ख दिसली पाहिजेत."

हा सगळा प्रकार एवढाच. कपाटातल्या भांड्यांचंही तिनं विचारलेलं मी ऐकलं होतं. नंतर कितीदा तरी मी स्वतःला पटवायचा प्रयत्न केला की ऐकलं नव्हतं, पण ऐकलं होतं. फक्त ते माझ्या आत शिरलं नाही.

खानदेशात सण आला की देवघरातली भांडी काढायची, चिंच लावायची, राखेनं घासायची, उन्हात मांडून ठेवायची. बाईनं हे केलं नाही तर तिला नावं ठेवतात. अक्का विहिरीपाशी बसली आणि तिनं तेच केलं. दुपारी ती मला बोलवायला आली. ओल्या हातानं तोंडावरचा घाम पुसत होती, चेहरा खुललेला.

विहिरीच्या कठड्यावर फडकं अंथरून तिनं सगळं मांडलं होतं. आणि मधोमध चषक.

"दखा बाबा, कसा धवया व्हयना! मझारमा निस्ता पिवया डाग व्हता. चिंच लायी, राख लायी, तरी जाये ना. मंग इटकरना भुगा लिधा. तव्हय गया."

चषक चांदीचा होता, आतून सोन्याचा मुलामा. जुना, विरत आलेला मुलामा. चांदीच्या भांड्यात पिवळं दिसलं म्हणजे चांदी पिवळी पडली, असंच कुठल्याही घरच्या बाईला वाटेल. तिनं सोनं घासून काढलं होतं. आत विटेच्या भुकटीचे बारीक गोल ओरखडे, आणि पांढरीफटक चांदी.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, काहीतरी मोकळं झालं असतं. मी तो चषक उचलला, फडक्यात गुंडाळला आणि आत नेऊन ठेवला. ती मागून विचारत राहिली, "काय व्हयनं, बाबा? अजून राहिना का डाग?"

मोठे फादर दुसऱ्या दिवशी आले. मी त्यांना चषक दाखवला. त्यांनी तो खिडकीशी धरून आत पाहिलं. मग अक्काला बोलावलं. ती दाराशी उभी राहिली, पदर डोक्यावर घेऊन. मी त्यांच्या खुर्चीमागं.

"हे तुला कोणी करावयास सांगितले?" त्यांनी शांतपणे विचारलं.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. ती उत्तर देणारच होती. तेवढ्यात मी बोललो. "मी फक्त समया घासायला सांगितल्या होत्या, फादर. कपाट उघडं पाहून हिनं हे काढलं असावं."

शब्द अगदी सहज आले. इतर लोक पापकबुलीला येतात तेव्हा सांगतात, फादर, कसं तोंडातून गेलं कळलं नाही. मी त्यांना म्हणतो, आठवून पाहा, कळलं असेल. मला कळलं होतं.

अक्का जमिनीकडे पाहून म्हणाली, "हा बाबा. मनीच चूक. कोनी सांगं नही मले."

मोठे फादर कठोर माणूस नव्हते. तरी त्यांनी ठरवलं की जिनं नियमाविना पवित्र भांड्यात हात घातला, तिला अजून शिकायला हवं. बाप्तिस्मा पुढं ढकलायचा, ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीच्या सणावर. त्यांनी ते मला सांगितलं आणि मी तिला सांगितलं.

"म्हंजे कव्हय?" तिनं विचारलं.

"उन्हाळा सरता सरता."

"तवलोंग जगसू ना मी?" ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही जेवा, बाबा. सकायपाईन काही खादं नही तुम्ही."

त्या शनिवारी रात्री पाणी आशीर्वादित केलं, पण त्यातून कोणाच्याही कपाळावर ओतलं नाही. अक्का मागं खांबाला टेकून बसली होती. दुसऱ्या दिवशी ती गावी गेली. म्हणाली, भावाकडे कापसाचं रान साफ करायचंय, सणाआधी येते.

ऊन चढत गेलं. जळगावचं वैशाखाचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. मोठ्या फादरांचं म्हणणं पडलं की नवा मुलामा मुंबईलाच चढवून घ्यायचा आणि मग बिशपांच्या हातून पुन्हा अभिषेक. त्याशिवाय तो चषक वेदीवर आणायचा नाही. बिशपांकडून वेळ मिळाली. मी लाकडी पेटीत चषक ठेवून सकाळच्या गाडीसाठी स्टेशनात उभा होतो. तिथं आबा मला शोधत आला. धुळीनं पांढरा झालेला, डोक्याचं फडकं हातात.

"बाबा, अक्काले लई ताप शे. तुमनंच नाव लेस. बैलगाडी बाहेर उभी शे, चाला."

मी पेटीकडे पाहिलं.

"मी मुंबईला निघालोय, आबा. बिशपांनी वेळ दिलीय. परत आलो की सरळ तुमच्याकडेच येतो."

"पेटीमा काय शे?"

"देवाचं भांडं."

"तेच?"

"हो."

आबा म्हणाला, "मंग त्याले काय व्हस, बाबा? ते थोडंच मरी जाई?"

बाप्तिस्म्याला काय लागतं? एक तांब्या पाणी आणि एक वाक्य. ते वाक्य मी आबाला तिथंच शिकवू शकलो असतो. अडचणीच्या वेळी कोणीही माणूस ते म्हणू शकतो, आमचा धर्म तशी मुभा देतो. आबा ख्रिस्ती नव्हता, तरी चाललं असतं. हेही सुचलं होतं मला. पण बिशपांची वेळ चुकली तर मोठे फादर काय म्हणतील, हे त्याहून आधी सुचलं.

आणि आता जे लिहितोय ते आजवर मी कुठल्याही फादरासमोर गुडघे टेकून नीट बोललेलो नाही. आबा म्हणाला, "मंग मोठा बाबाले लई जाऊ का?" मी म्हणालो, "नको. त्यांना या उन्हात त्रास नका देऊ. मी येतोच."

उन्हाचं कारण खोटं होतं. मोठे फादर तिच्या उशाशी बसले असते, मरणाऱ्या माणसाला विचारतात तसं त्यांनी तिला शांतपणे विचारलं असतं, आणि अक्का कदाचित खरं बोलली असती. ती भीती होती. मी तिला माझ्या भीतीपायी पाण्यावाचून ठेवलं.

गाडी आली आणि मी चढलो.

मुंबईत मुलामा छान चढला. बिशपांनी आत-बाहेर तेल लावलं, प्रार्थना म्हटल्या. परतीच्या प्रवासात मी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मोठे फादर फाटकातच भेटले. चषक बघायला त्यांनी हातही पुढं केला नाही.

"ती स्त्री वारली," ते म्हणाले. "तिचा भाऊ तिला बैलगाडीतून येथे घेऊन आला होता. कन्येच्या शेजारी पुरा, म्हणाला."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला ठाऊकच होतं. बाप्तिस्म्याची तयारी करणारा माणूस जर स्वतःच्या दोषाशिवाय, बाप्तिस्म्याआधी वारला, तर त्याला आपल्या जमिनीत जागा देता येते. देवळाची तशी रीत आहे. पण उशीर तिच्या दोषामुळे झाला असेल तर नाही.

"मी पुष्कळ विचार केला," मोठे फादर म्हणाले. "परंतु तिचा बाप्तिस्मा तिच्या अपराधामुळेच लांबला होता. तूच म्हणाला होतास. बरोबर ना?"

त्यांचा चेहरा अजून दिसतो मला. ते माझ्याकडून 'नाही' ऐकायला उभे होते. म्हातारा माणूस, त्याला ती बैलगाडी परत पाठवल्यापासून झोप नव्हती. मी 'नाही' म्हणालो असतो तर ते त्याच पावली गिरणेकाठी गेले असते, माफी मागितली असती, निंबाखाली तिच्यासाठी निदान एक क्रूस रोवला असता.

"हो, फादर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. आबा ओट्यावर बसला होता. मला पाहून उठला, घोंगडी टाकली. गल्लीतल्या कुणीतरी मागून टोमणा मारला, "उना का पाद्री? आते काय लेवाले उना?" आबानं त्याला हातानंच गप्प केलं.

त्याच्याकडून कळलं ते असं. बहिणीची शेवटची इच्छा म्हणून तो भाऊबंदांशी भांडून तिला जळगावला घेऊन गेला होता. एवढ्या उन्हात, गाडीवर निंबाचा पाला टाकून. देवळानं नाही म्हटल्यावर तीच गाडी त्याच रस्त्यानं परत आली. गावात शिरताना लोक दारात उभे होते. "पाद्रीले बी नको व्हयनी का ती?" असं विचारलं गेलं. संध्याकाळच्या आत नदीच्या वाळूत तिला अग्नी द्यावा लागला.

"मोठा बाबानी गाडीले हात लाया," आबा म्हणाला. "डोया मिटी काही तरी म्हनना. मंग म्हने, लई जा."

त्यानं मला नदीवर नेलं. गिरणेचं पात्र कोरडं होतं, वाळू तापलेली. काळी जागा वाऱ्यानं अर्धी झाकली होती. तिथं उभं राहून त्यानं हात जोडले. देवाला असतील असं मला वाटलं, पण ते मला होते.

"बाबा, तिनी चुकी व्हयनी. अडानी व्हती. तुमना देवनं भांडं बिघाडं तिनी. तुम्ही माफ करशात तं ती पोरपाशी पोची जाई."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "माफ केलं, आबा."

त्यानंतर माझ्या बदल्या झाल्या. धुळे, मग घाटाखाली, मग पुन्हा धुळे. मोठे फादर मायदेशी गेले आणि तिकडेच वारले. पापकबुलीत मी 'एकदा वरिष्ठांशी खोटं बोललो' एवढंच सांगत आलो. समोरचा फादर छोटं प्रायश्चित्त द्यायचा आणि मी ते पुरं करायचो. दर ईस्टरला कोणी ना कोणी बाप्तिस्म्याला पुढं येई. पाणी ओतताना माझा हात थरथरतो असं माझ्या मंडळीतल्या बायका म्हणत, त्यांना ती भक्ती वाटे. चषक उचलताना मात्र तो कधी थरथरला नाही. हे मला जास्त भयंकर वाटतं.

पन्नाशी जवळ आली आणि मला पुन्हा जळगावला पाठवलं. दुसरं महायुद्ध संपून गेलं होतं. आबा जिवंत आहे हे बाजारात कळलं. मी जाईन-जाईन म्हणत राहिलो. एका सकाळी गेलो.

तो आता फार थकला होता. पाय खाली सोडून ओट्यावर बसलेला, डोळ्यांत मोती. आवाजावरून ओळखलं. "धाकला बाबा ना?" म्हणाला. "आते तुम्ही बी म्हतारा व्हयनात." सुनेला चहा टाकायला सांगितला.

मी बसलो आणि सांगितलं. कपाट, पुस्तक, 'सगळी' म्हणणं, मोठ्या फादरांसमोरचं बोलणं. स्टेशनावर 'मोठ्या फादरांना नको' असं का म्हणालो, तेही. मध्ये एकदा कोंबडी ओट्यावर चढली ती त्यानं काठीनं उतरवली.

"म्हंजे तुम्हीच सांगं व्हतं तिले," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आन तिनासमोर तुम्ही नही म्हनात."

"हो."

"तिनी मले सांगं नही." त्याचा आवाज बदलला. "इतला दिन ती मना घरमा व्हती. मी तिले रोज बोलू, तुले अक्कल नही, तू देवनं भांडं बिघाडं. हसे निस्ती. मरस तवलोंग मी तिले बोलनू."

चहा आला. सुनेनं कप माझ्यासमोर ठेवला. मी उचलला नाही. आबा मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी मी असेन त्या दिशेला बघत होता.

"मी नदीमा तुमनी माफी मांगी व्हती," तो म्हणाला.

"हो, आबा."

"ती मले परत द्या."

मी आयुष्यभर लोकांना क्षमा देत आलो. घेतलेली माफी परत कशी करतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी खाली उतरून त्याच्या पायांशी बसलो. त्यानं पाय हळूच आत ओढून घेतले.